तीन बोटं

पहिली दोन वर्षं मी शाळेत पोस्टर घेऊन जायचे. त्यावर एक तोंड होतं, गालाला आरपार भोक पडलेलं, आत काळेनिळे दात, आणि खाली लाल अक्षरांत तंबाखूच्या नावाने शिमगा. पोस्टर फळ्यावर अडकवलं की पुढच्या बाकांवरच्या मुली मान फिरवायच्या आणि मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, "पाय बे, तुहा काका!" वर्ग हसायचा. मी आवाज चढवायचे. तास संपवून शाळेच्या मागच्या भिंतीशी गेलं की पिचकाऱ्या ताज्या असायच्या. एकदा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा तास संपेपर्यंत तोंड मिटून इतका मन लावून ऐकत होता की मला त्याचं कौतुक वाटलं. पोस्टर गुंडाळताना कळलं, त्याच्या गालात खर्रा होता.

मी चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, धानाच्या पट्ट्यात राहते. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. इथल्या ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक म्हणून माझी बरीच वर्षं गेली. आमच्याकडे खर्रा हे नुसतं व्यसन नाही, रीत आहे. ठेलेवाला सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून फळीवर तळहाताने घोटतो, गाठ मारतो आणि पुडी पुढे करतो. रोवणीच्या दिवसांत मजुरांना चहा दिला आणि खर्रा दिला नाही तर दुसऱ्या दिवशी बांधीत कोणी उतरत नाही. पोरगं बापासाठी खर्रा आणायला जातं आणि परतीच्या वाटेवर त्यातली एक चिमूट त्याची होते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही, असं २००३ चा कायदा सांगतो. ते शंभर यार्ड मोजायला टेप घेऊन आलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही.

पोस्टरातून माझी सुटका केली आमच्याकडे तेव्हा नव्याने आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी. एका शिबिरात मी पोस्टर लावत होते, तेव्हा ते म्हणाले, "हे राहू द्या हो. त्यांना त्यांचीच बोटं तोंडात घालायला सांगा." तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं एकमेकांवर उभी धरायची आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का पाहायचं. बोटं स्वतःचीच. निरोगी तोंडात ती साधारणपणे जातात. सुपारी खाऊन खाऊन गालाच्या आतली मऊ त्वचा तंतुमय होते, ताठरते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. त्याआधी तिखट झोंबायला लागतं. पुढे त्यातल्या काहींना कर्करोगही होतो. आणि त्यांनी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट अशी, की हे करायला तंबाखू लागतच नाही, सुपारी एकटी पुरते. 'मी तर नुसती सुपारीच खातो जी' म्हणणाऱ्या मुलांची माझ्याकडे रीघ होती, आणि त्यांना मी इतकी वर्षं जवळजवळ पास करत होते.

पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गात मी पोस्टर न्यायचंच टाळलं. "सगळ्यांनी हात धुऊन या," म्हटलं. जेवण मिळणार या आशेने पोरं धावत गेली. मग चाळीसेक मुलं एकाच वेळी तोंडात बोटं घालून बसली. आधी हसणं झालं, एकदोघांना ओकारी आल्यासारखं झालं. मग हळूहळू वर्ग गप्प झाला. तशी शांतता मी पोस्टर लावून कधी ऐकली नव्हती. जो तो स्वतःचं मोजत होता, आणि मोजून झाल्यावर चोरून शेजाऱ्याचं.

मधल्या सुट्टीत एक मुलगा हातपंपापाशी आला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "मॅडम, माही बोटंच जाड हायेत."

"दाखव."

अडीच. तिसरं बोट नखापाशी अडत होतं. मी काही बोलले नाही. मग तोच म्हणाला, गेल्या उन्हाळ्यापासून त्याला ठेचा खाता येत नाही. घरी सगळे चिडवतात, शहरातल्यासारखा नाजूक झाला म्हणून. "ते यानंच होते काय जी?"

हो म्हटलं. त्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. गेलेलं अर्धं बोट पूर्ण परत येईलच असं कोणी सांगत नाही. सुपारी सोडली तर आहे ते टिकण्याची आशा असते, एवढंच. तेही त्याला तसंच सांगितलं. खोटी आशा दाखवून पोरगं दोन महिने खर्रा सोडतं, मग आरशात पाहतं आणि आपल्याला खोटं ठरवून मोकळं होतं.

त्या दिवसापासून मी एक खूणगाठ बांधली. पोस्टरवरचं तोंड दुसऱ्याचं असतं. दुसऱ्याच्या तोंडाची भीती वाटते, किळस येते, हसूही येतं, पण त्यावरून कोणी स्वतःचा हिशेब मांडत नाही. मुलाला स्वतःच्या अंगावर पडताळून पाहता येईल अशी एक तरी गोष्ट दिल्याशिवाय वर्गाबाहेर पडायचं नाही. मग बाकीचं भाषण केलं काय आणि न केलं काय.

निळ्या गोळीच्या बाबतीत मात्र मला ही अक्कल उशिरा आली.

दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतात. निळी असते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. जोडीला वर्षातून दोनदा जंताची गोळी. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या, आणि मुलगे ३१ टक्के. हा दुसरा आकडा मी मुद्दाम फळ्यावर मोठा लिहिते, कारण 'ते पोरींचं औषध आहे' म्हणून मुलगे ती गोळी खिडकीतून फेकतात. एका शाळेच्या खिडकीखाली पावसाळ्यात गवत निळसर दिसत होतं. अतिशयोक्ती नाही, रंग सुटला होता.

तर झालं असं. एका गावातल्या मुलींनी गोळी घेतली, मीच उभं राहून घ्यायला लावली, आणि दोन दिवसांनी एका मुलीची आई शाळेत आली. सकाळी पोरीला काळीशार शी झाली होती. घरी घाबरगुंडी उडाली. पोटात रक्त साकळलं असेल, कोणी काही केलं असेल, कोणी म्हणालं गोळी पाळी बंद करायची आहे, कोणी म्हणालं पुढे पोरंच होऊ नयेत म्हणून सरकार देतं. पुढच्या सोमवारी अर्ध्या मुली गैरहजर.

लोहाची गोळी घेतली की शौचाचा रंग काळा होतो. नर्सबाईंना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, गोळीच्या खोक्यावर छापलेलंही असेल. मी सांगितलं नव्हतं. चाळीस मुलींसमोर 'शी' हा शब्द काढायला मी, समुपदेशक, लाजले होते. हे मी कोणावर ढकलत नाही. माझ्या एका न उच्चारलेल्या शब्दाची किंमत त्या गावाने दीड वर्षं मोजली, तेवढा काळ तिथे गोळीवर कोणाचा विश्वास बसला नाही.

आता मी सुरुवातच तिथून करते. "उद्या किंवा परवा काळी शी होणार. झाली तर समजायचं गोळी पोटात गेली. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळणार, म्हणून जेवल्यावर घ्यायची. वरून चहा प्यायचा नाही, चहा लोहाला अडवतो. लिंबू पिळा, आवळा खा." पोरं हसतात. हसू द्यावं. दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःहून पडताळता येतं की बाई बोलली ते खरं निघालं. हा भरवसा पुढच्या अवघड विषयांसाठी माझी पुंजी असतो.

जाता जाता आहाराचं. रक्तवाढीसाठी काय खावं, विचारलं की सगळा वर्ग एका सुरात म्हणतो: बीट, डाळिंब, खजूर. पोस्टरवर तेच असतं, लालभडक. लाल खाल्लं की लाल रक्त वाढतं, असं काहीसं डोक्यात पक्कं बसलंय, माझ्याही आईच्या होतं. खरं तर बीट-डाळिंबात लोह जेमतेमच असतं. आणि आमच्या बाजारात डाळिंब घेणार कोण? बांधावर तरोटा उगवतो, अंबाडी असते, चवळीचा पाला असतो, घरात सुकवलेले झिंगे असतात. ते सांगायला पोस्टर लागत नाही. पण तरोट्याचं नाव काढलं की मुलीच म्हणतात, "मॅडम, ते गरिबाचं खाणं आहे." आहारशास्त्र इथे थांबतं आणि दुसरंच काहीतरी सुरू होतं, ज्यावर माझ्याकडे गोळी नाही.

प्रश्नपेटीची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. बुटाचं किंवा बिस्किटाचं खोकं, वर चीर, मुलांनी नाव न घालता चिठ्ठी टाकायची. मीही तशी पेटी केली होती आणि महिनाभर ती रिकामी राहिली. कारण अगदी साधं होतं. चिठ्ठी लिहायला जो वही काढेल, तो सगळ्यांच्या नजरेत येईल. शेवटी एका शिपाईमामांनी तोडगा सुचवला. सगळ्यांना सारखे कागद, सारखी पेन्सिल, आणि ज्याला प्रश्न नाही त्याने आवडती भाजी लिहायची. म्हणजे लिहितात सगळेच, टाकतात सगळेच. पहिल्या दिवशी बावन्न चिठ्ठ्यांत एकोणतीस बटाटे निघाले. चौथ्या आठवड्यात बटाटे सहावर आले.

त्या चिठ्ठ्या मी घरी नेऊन रात्री एकेक उघडते. कोणी डाव्या हाताने लिहिलेलं असतं, कोणी अक्षर मुद्दाम मोडलेलं. 'एका बाजूची छाती मोठी आहे, ऑपरेशन लागते का.' 'सगळ्यांचा आवाज फुटला, माझा नाही.' 'रात्री चड्डी ओली होते, ताकद जाते का.' 'जिममधला दादा डब्यातली पावडर घे म्हणतो.' 'पाळी दोन महिने आली नाही, मी काहीच केलं नाही.' शेवटची चिठ्ठी मी बराच वेळ हातात धरून बसले होते. पाळीबद्दल विचारताना चौदा वर्षांच्या मुलीला आधी स्वतःची सुटका करून घ्यावी लागते.

चिठ्ठ्या शेकड्यांनी वाचल्यावर ध्यानात येतं की विषय कुठलाही असो, मूळ प्रश्न एकच असतो: हे माझ्याच बाबतीत आहे का? म्हणून मी उत्तर देताना आधी सांगते, असा प्रश्न या खोक्यात अमुक वेळा आला. पाळीचं म्हणाल तर सुरुवातीच्या एकदोन वर्षांत ती घड्याळासारखी येत नाही. या वयात दोन पाळ्यांमधलं अंतर २१ दिवसांपासून ४५ दिवसांपर्यंत असलं तरी घाबरायचं कारण नसतं. तीन महिने आलीच नाही, किंवा आठवड्याहून जास्त दिवस चालली, तर मात्र दवाखान्यात यायचं. आणि पडताळायचं कशावर? घरातल्या कालनिर्णयवर. तिथे आईने दुधाचे खाडे लिहिलेले असतात, गॅस कधी लागला ते असतं, तिथेच कोपऱ्यात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. एका मुलीने सांगितलं, तिच्या धाकट्या भावाने विचारलं हे ठिपके कसले. ती म्हणाली दूधवाल्याचे. आईने ऐकलं आणि काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात त्याच पानावर दुसऱ्या शाईचा ठिपका होता, आईचा.

आयांचं हे गप्प राहणं किती जुनं आणि किती महाग आहे, ते आमच्या शेजारच्याच जिल्ह्याने जगाला दाखवलंय. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, या बायकांना कोणी दवाखाना दिला नाही. आता वाटतं, त्यांना आधी कोणी शब्दच दिले नव्हते.

शब्दांचं तर आपल्याकडे फारच बिकट आहे. पाळी आली असं म्हणायच्या ऐवजी कावळा शिवतो, बाहेर बसतात, अडचण असते, विटाळ होतो. कावळ्याचं नाव घेतात आणि बसवतात मुलीला. मुलग्यांचं काय? त्यांच्या वाट्याला आलेला शब्द आहे 'स्वप्नदोष'. झोपेत आपोआप होणाऱ्या, वयात येताना जवळपास ठरलेल्या गोष्टीला भाषेनेच दोष ठरवून टाकलं. मग रक्ताचे अमुक थेंब म्हणजे वीर्याचा एक थेंब, असला हिशेब गावभर फिरतो आणि पोरगं स्वतःला रिकामं होत चाललेलं समजतं. या भीतीने खरोखर आजारी पडणारी माणसं इतकी आहेत की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये त्याला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. रस्त्याकडेला तंबू ठोकून बसलेल्या खानदानी वैद्यांना हे नाव ठाऊक नसेल, पण त्यांचा धंदा त्यावरच चालतो. मी वर्गात 'स्वप्नदोष' लिहिते आणि त्यातला 'दोष' खोडते. एवढंच. उरलेला शब्द वाचून मुलं एकमेकांकडे पाहतात.

दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे, आकृत्यांसकट. 'हा घरून वाचून या' असं म्हणणारे शिक्षक आपल्यापैकी कोणाला भेटले नाहीत? मी त्यांच्यावर फार चिडत नाही. २००७ मध्ये विधिमंडळात आरडाओरडा होऊन लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर राज्यात बंदीच आली होती. ज्या विषयावर सरकार दोन पावलं मागे सरतं, तिथे जिल्हा परिषदेच्या मास्तराने छातीचा कोट करावा ही अपेक्षा जरा जास्तच. त्याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं होतं आणि लोक त्यांना पत्रं लिहून हेच प्रश्न विचारत होते. कर्वे गणिताचे प्राध्यापक. उत्तरं प्रमेय सोडवल्यासारखी सरळ द्यायचे. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. माझ्या खोक्यातल्या चिठ्ठ्या काढून तेव्हाच्या टपालात मिसळल्या तर जिमची पावडर सोडून बाकी काही वेगळं ओळखू येणार नाही.

एका गोष्टीपाशी मात्र माझी सगळी हुशारी संपते. मुलांना आपण सांगतो, आमच्याशी मोकळेपणाने बोला, कुणाला सांगणार नाही. हे खोटं आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतलं कोणीही मूल मानलं जातं, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती कळलेल्या माणसाने ती पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवायची असते. सोळाच्या मुलीने आपखुशीने सांगितलेलं प्रेमप्रकरणही त्यात येऊ शकतं. हा कायदा नसता तर काय काय दडपलं गेलं असतं, याचीही उदाहरणं मी पाहिली आहेत, त्यामुळे त्याला नावं ठेवणार नाही. पण आता मी कोणीही खुर्चीत बसलं की आधी सांगते: "बाळा, बहुतेक सगळं माझ्या पोटात राहील. पण तुला कोणी त्रास दिला असेल, किंवा काही कायद्यातलं असेल, तर मला पुढे सांगावं लागेल. ऐकून मग ठरव काय बोलायचं ते." हे ऐकून काही जणी उठून जातात. दार ढकलून गेलेल्या मुलीचा आवाज मला संध्याकाळपर्यंत पुरतो. तरीही आधी विश्वास घेऊन नंतर तो मोडण्यापेक्षा हे बरं, असं मी स्वतःला समजावते. पूर्ण समजलंय असं नाही.

माझ्या खोलीचं स्थानही आडवं येतंच. बाहेर किशोरवयीनांची पाटी, आणि लागूनच एचआयव्ही तपासणीची खोली. त्या व्हरांड्यात उभं राहायलाही मुलं बिचकतात. म्हणून खरं काम होतं ते बाहेर, आणि ते बहुतेक साथिया करतात. गावातलीच दोन मुलं, दोन मुली, थोडंसं प्रशिक्षण दिलेली. माझ्या तोंडून जे भाषण वाटतं ते त्यांच्या तोंडून गप्पा होतं. चुकाही करतात, अर्धवट सांगतात, एकाने तर लोहाची गोळी रोज घ्या म्हणून सांगून ठेवलं होतं. दुरुस्त करायला धावावं लागतं. पण ज्या पारावर मला कोणी बसू देणार नाही, तिथे ते रोजच बसलेले असतात.

गेल्या महिन्यात मी बसस्टँडवर एसटीची वाट पाहत होते. समोर ठेला. तिथे तो हातपंपावरचा मुलगा उभा, आता कॉलेजात जातो. त्याच्यासोबत दोन मित्र, आणि हा ठेल्याच्या फळीला टेकून त्यांना काहीतरी करून दाखवत होता. जवळून पाहिलं तर बोटं. स्वतःची तोंडात घालून, मग ती कुठे अडतात तिथे अंगठ्याने खूण करून. मित्र हसत होते. एकाने करून पाहिलं, हसायचं थांबला, पण पुडी काही परत केली नाही.

ते तिघं गेल्यावर ठेलेवाला पाणी मारून हात धुवायला वळला. पाठ माझ्याकडे. कोपर हळूच वर गेलं, डोकं जरासं मागे. मग तो वळला, मला पाहिलं, गमछ्याने हात पुसले. आम्ही एकमेकांना ओळखतो, एकदा मीच त्याच्याविरुद्ध शाळेत तक्रार केली होती.

"मॅडमजी," तो म्हणाला, "हे खानाऱ्यालेच होते काय, का घोटनाऱ्यालेही?"

"तुम्ही चव पाहत असालच ना."

"पाहा लागते ना जी. गिऱ्हाईक वापस येते नाहीतर."

"किती गेली?"

त्याने एसटीच्या दिशेने पाहिलं. गाडी आली होती, लोक चढत होते. मी पिशवी उचलली तेव्हा त्याने हात वर केला. मला वाटलं निरोप देतोय. दोन बोटं उभी होती.